गाडीला अर्थ न्हाय

आगरदांडा,
नारळी पुनव सरली, पिठोरीची आवस तोंडावर

रा. रा. दादू भावजी, मुक्काम शिवदासाची खोली, माझगाव, मुंबई, यांस,

वयनी बायजाचा, चुलीपासून परसातल्या कोंबड्यांपर्यंत सगळ्या घराच्या वतीनं, रामराम आनि आशीर्वाद. (आशीर्वाद मी मोठी म्हनून, आनि रामराम तुमी रागावून गेलात म्हनून.) तब्येत कशी हाय? लाँचीत उलटी झाली काय? होडीत उभा ऱ्हाऊन वादळ अंगावर घेनारा मानूस लाँचीत बसला का ओकतो, हे मी गावात कोनाला सांगत न्हाय. फक्त शेजारच्या भागुबाईला सांगितलंय. शिवदासाच्या बायकोचं कालवन घशाखाली उतरतं का? सगळ्यात मोठी काळजी तुमच्या पोटाची. घाईघाईत गेलात आनि तुमचा तो तांब्याचा तांब्या इकडंच पायरीवर राहिला. रातभर त्यात ठेवलेलं पानी सकाळी ढोसल्याबिगर तुमचं काय व्हत न्हाय हे सगळ्या वाडीला म्हाईत हाय. शिवदासाच्या चाळीत म्हनं सकाळची रांग लागते. रांगेत उभं ऱ्हायचं, आनि नंबर आल्यावर हात हलवत परत यायचं, म्हंजे लोक काय बोलत असतील? असो. तांब्याची काळजी करू नका. तो इकडं चांगल्या कामाला लागलाय.

लिहायचं कारन असं, का तुमी भंगारवाल्याला घेऊन निघायच्या आत हा कागद तुमच्या हातात पडला पायजे. भावजी, गाडी पेटली! (आग न्हाय लागली. घाबरू नका, आनि खूश पन होऊ नका.) दिवे पेटले. दोनी पेटले. हॉर्न वाजला, आनि असा वाजला का देवळातला गुरव आरती अर्धी टाकून बाहेर आला. गाडी चालली भावजी, आपल्या पायानं चालली! घाईघाईत लिहितेय, म्हनून अक्षर असं बोंबील वाळत घातल्यागत दिसतंय. वाचता न्हाय आलं तर शिवदासाकडनं वाचून घ्या, पन त्याच्या बायकोसमोर नको, पुढं तुमचं नाव निघनार हाय.

आता पहिल्यापासनं सांगते, कारन तुमी तिकडं तुमच्या बाजूनं सांगितलं असनार. पुनवेच्या आधी तुमी होडीला तेल लावायला काढलंत. चांगलं केलंत. मुशी माशाचं तेल, त्यात राळ कढवून, फटीफटीत कापूस ठोकून, वरनं हात मारलात. तुमच्यासारखी होडी ह्या खाडीत कोन राखत न्हाय, हे मी तुमच्या तोंडावर कधी बोलले न्हाय, आज लिहून देते. पन तेल उरलं. आनि तुमच्या मनात माया आली. पावसाळाभर झापाखाली उभ्या असलेल्या गाडीकडं बगून तुमी बोलला, वयनी, ही बी बिचारी खाऱ्या वाऱ्यात उभी हाय, हिला बी जरा लावतो. मला गहिवरून आलं. मी चा ठेवला. तुमी चावीपाना घेऊन गाडीखाली शिरलात ते संध्याकाळी बाहेर आलात, आनि तुमच्या अंगाला असा वास, का दोन दिवस मांजरं तुमच्या मागं फिरत व्हती. त्या गाडीखाली तुमी काय केलंत ते मी तवा बगितलं न्हाय. बगायला पायजे व्हतं.

मंग पुनव आली. होडीला नारळ, दर्याला नारळ, आनि ह्यांच्या वेळेपासून चालत आलंय तसा गाडीच्या बंपरवर एक नारळ. हार घातला, कुंकू लावलं, आपली गाडी चालवनारा चंदर आत बसून चावी फिरवनार, गाडी धडधडनार, पोरं ओरडनार, असं दरसाल व्हतं तसं. चावी फिरवली. गाडी गप. परत फिरवली. आतनं फक्त टुक असा आवाज आला, म्हातारीनं सुपारी फोडल्यागत. दिवे न्हाईत. हॉर्न न्हाय. वाडीसमोर एवढा सोहळा, आनि नवरी बोहल्यावर बोलायलाच तयार न्हाय. खोबरं वाटलं तेवढं लोकांनी खाल्लं, आनि जाताना तुमच्याकडं बगून हसले. तुमाला तेच लागलं, मला म्हाईत हाय. त्याच सांजेला तुमी पहिल्यांदा भंगार हा शब्द काढलात.

मुरुडातनं उस्मान मिस्त्रीला मी बोलावलं ते तुमाला इचारल्याबिगर, त्याचा राग धरू नका. मिस्त्री कसा हाय ते तुमी बगितलंत. काम अर्धा घटका, ब्रह्मदेशच्या लढाईच्या गोष्टी दोन घटका, आनि मधे मधे चा. लढाईत म्हनं त्यानं एकट्यानं एवढ्या गाड्या चालू केल्या, का मला वाटतं गोरा साहेब नुसता बसून टाळ्या वाजवत असंल. तो बोलतो ही आपली गाडी बी त्यानं तिकडं बगितलेली, ओळखीची हाय. (गाडीनं काय त्याला ओळखलं न्हाय.) पन मजा कसली झाली ते तुमी होडीवर गेलेले तवाची. त्यानं बॅटरीत पानी घालायला मागितलं, साधं न्हाय, पावसाचं, क्षार नसलेलं. मी डाळ शिजवायला धरून ठेवलेलं पागोळीचं पानी दिलं. मंग त्यानं दिव्याचं बटन ओढलं, तर दिवा पेटायचा सोडून हॉर्न बें बें करून रडायला लागला, शेरडाच्या पिल्लागत, बारीक. हॉर्न दाबला तर डावा दिवा लाल झाला, चुलीतल्या विझत्या निखाऱ्याएवढा. ब्रेकवर पाय दिला तर तो निखारा बी विझला. भागुबाई बोलली, गाडीला लागिर झालंय, लिंबू उतरा. मिस्त्रीनं टोपी मागं सरकवली आनि दोन दिवस गाडीखाली पडून राहिला. नुसते पाय दिसायचे. चा बी पायांकडूनच मागायचा.

आनि मंग ती सकाळ. तुमी पायरीवर बसून तांब्या तोंडाला लावलेला. मिस्त्री गाडीखालनं सरपटत बाहेर आला, हात पुसले, आनि बोलला, वायर ठीक, बलब ठीक, सेल्फ ठीक, बाकी सब ठीक हाय बाई, पन गाडीला अर्थ न्हाय.

झालं. तुमी तांब्या खाली ठेवलात, बोललात, मी काय सांगत व्हतो, मिस्त्री सवता बोलतोय, आता त्या लोखंडात काय अर्थ राहिला न्हाय, आनि सदरा अंगात घालत घालत लाँच धरायला गेलात, भंगारवाल्याला आनायला. चप्पल एक तुमची आनि एक माझी घालून गेलात, ते कळलं असंल आतापावेतो. माझी परत आना.

पन बातमी बगा कशी पळते. दुपारपावेतो वाडीत झालं, बायजाच्या गाडीला अर्थ उरला न्हाय. बायका भेटायला आल्या. खरंच आल्या, मयताला येतात तशा, पदर डोक्यावर घेऊन. भागुबाई हात धरून बसली आनि बोलली, आता कशालाच अर्थ न्हाय बाय, माझ्या म्हाताऱ्याला बी न्हाय. ठमाबाईनं तर सोबत भाकरी आनली. तिनं इचारलं, दुखनं काय व्हतं? मी बोलले, टुक टुक करत व्हती. ती बोलली, माझ्या सासूला पन तसंच झालेलं.

हसा भावजी, पन त्या दुपारी मी हसले न्हाय. आता हे तुमाला सांगते ते मधल्या मधे सांगते, मोठं करू नका. ह्यांनी ही गाडी लष्कराच्या लिलावात घेतली तवा पहिल्या दिवशी मला पुढं बसवलं. ह्या किनाऱ्यावर कोनाची बायको गाडीत पुढं बसली व्हती? मासळीच्या टोपल्या मागं, आनि मी पुढं, काचेतनं वारा खात. हे गेले, तवापासनं मी सगळीकडं मागं. लग्नात मागं, ओटी भरताना दाराआड, पूजेला तर आनखी लांब. माझं काय म्हननं न्हाय, रीत हाय. पन गाडीतली ती पुढची जागा तेवढी माझी राहिलीय, तिथनं मला उठा बोलनारा कोन न्हाय. ती भंगारात गेली का परत डोक्यावर पाटी, आनि रोह्याच्या बाजारात ताजी सुरमय पोचायच्या आधी माझी मान मोडनार. म्हनून बोलते, तुमाला ते लोखंड असंल. बस्स. झालं सांगून.

तर दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला धरला. बोलले, मिस्त्री, अर्थ न्हाय तर एवढे दिवस माझ्या घरचा चा कशाला ढोसलात? शाळेत मास्तर कवितेचा अर्थ इचारायचे, न्हाय आला तर छडी बसायची. तुमाला कुठं मारू? मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. बोलला, बाई, अर्थ न्हाय म्हंजे मिळत न्हाय. मी बोलले, व्हय, तेच, मोठमोठ्या साधूंना मिळाला न्हाय, तुमाला काय मिळनार. तो बोलला, अर्थ बॉडीला असतो. मी बोलले, बुवा तर बोलतात आत्म्याला असतो. असं आमचं भांडन बराच वेळ चाललं, आनि भागुबाई हात जोडून ऐकत व्हती, तिला वाटलं कीर्तन हाय. शेवटी मिस्त्रीनं कपाळावर हात मारला, आनि बॅटरीची एक जाड पट्टी दाखवली, जी गाडीच्या लोखंडाला बोल्टानं आवळलेली असते. त्या पट्टीला अर्थ बोलतात, भावजी! विंग्रजी शब्द हाय. विंग्रज लोकांना म्हनं अर्थ म्हंजे जमीन. (म्हनूनच ते आपली घेऊन बसले व्हते.)

मला समजलं ते असं, आनि मिस्त्री बोलला बरोबर हाय. करंट म्हंजे माहेरवाशीन. बॅटरी तिचं म्हायेर. वायरीवरनं ती दिव्याच्या घरी सासरी जाते, उजेड पाडते, आनि गाडीच्या लोखंडावरनं चालत चालत त्या अर्थाच्या पट्टीवरनं परत म्हायेरी येते. येनंजानं चालू तर सगळं गोड. पन परतीची वाटच बंद झाली, तर ती बिचारी दिव्याच्या घरनं निघते, वाट गावत न्हाय, मंग हॉर्नच्या घरी शिरते, तिथं रडते, ब्रेकच्या घरी डोकावते, आनि सगळ्या गावाला कळतं हिच्या घरी कायतरी बिनसलंय. म्हनून दिव्याचं बटन ओढलं का हॉर्न रडायचा! लागिर न्हाय, काय न्हाय. वाट बंद.

आता वाट कोनी बंद केली? बसलात का भावजी? नसाल तर बसा. मिस्त्रीनं तो बोल्ट खोलला. खोलायला घाम फुटला, एवढा घट्ट. खोलला, आनि पट्टीच्या खाली, लोखंड आनि तांबं जिथं एकमेकाला भेटायचं, तिथं काय निघालं? कापूस. मुशीच्या तेलात आनि राळंत भिजवून, बोटानं ठासून भरलेला, होडीच्या फटीत भरतात तस्सा. पानी शिरू नये म्हनून! दुसरा बोल्ट खोलला, तिथं कापूस. दिव्याच्या बुडाखाली कापूस. मिस्त्री बोलला, ब्रह्मदेशात बाँब पडलेल्या गाड्या बगितल्या, पन अशी पॅक केलेली बगितली न्हाय, ही गाडी उद्या दर्यात ढकला, रेवदंड्यापर्यंत तरंगत जाईल. पानी एक थेंब आत जायचं न्हाय, हे खरं. करंट बी एक थेंब बाहेर यायचा न्हाय. भावजी, तुमी मायेनं केलंत, मी रागावले न्हाय. मी फक्त सगळ्या वाडीला बोलावून दाखवलं.

मंग आमी बाया कामाला लागलो. मिस्त्री कानस मारत बसला असता तर पुढची पुनव आली असती. मी, भागुबाई, ठमाबाई, तिघींनी कोयते घेतले आनि गाडीखाली शिरून तिला खवलून काढली, मोठा रावस खवलतात तशी, शेपटीकडनं डोक्याकडं. राळंचे पापुद्रे उडत व्हते. खाली पांढरंशुभ्र लोखंड निघालं, हात फिरवावा असं. भागुबाईला सवयच, ती पोट चिरायला निघालेली, पेट्रोलच्या टाकीपाशी तिचा हात धरला. पन जुनी पट्टी खाऱ्या हवेनं खाल्लेली, वाकवली तर हातात भुगा झाला. मिस्त्री बोलला, तांब्याचा जाड पत्रा पायजे, पितळ चालनार न्हाय, टिन चालनार न्हाय, चोख तांबं. मुरुडात इचारलं, मिळालं न्हाय. मंग कुठनंतरी मिळालं. देव देतो. जास्त खोलात जात न्हाय.

पट्टी बसली, बोल्ट आवळले, दिवे लागनीची वेळ. मिस्त्री बोलला, बाई, तुमीच ओढा बटन. मी चढले, पुढंच बसले. ओढलं. भावजी, काय सांगू! खाडी पार दिघीपर्यंत उजळली. माझ्या घशातनं असा आवाज निघाला का हॉर्न वाजवायची गरज नव्हती, तरी वाजवला. गोदूच्या बापाची होडी तवा आत येत व्हती, त्याला वाटलं कस्टमवाले. त्यानं घाईघाईत दोन डबे दर्यात टाकले आनि हात वर करून उभा राहिला. डब्यात काय व्हतं ते इचारलं तर बोलतो लोनचं. दुसऱ्या दिवसापासनं त्याची चार पोरं त्या लोनच्यासाठी बुड्या मारतायत.

तर असं हाय. गाडीला अर्थ हाय. तुमच्यासकट सगळ्यांनी बगावा असा लखलखीत अर्थ हाय. त्या भंगारवाल्याला रामराम सांगा. न्हाय ऐकलात, तरी एक ध्यानात ठेवा, गाडी दोघांची हाय, अर्धी तुमची, अर्धी माझी, आनि वाटनी करायची तर पुढली अर्धी माझी. मागली तुमी खुशाल विका, दोन चाकं आनि मासळीचा वास घेईल कोन तो. शिवदासाला, त्याच्या बायकोला, पोरांना आशीर्वाद. तुमाला दोन आशीर्वाद, एक जास्तीचा, कापसाबद्दल.

तुमची वयनी,
बायजा

ता. क. वर मी गाडी चालली लिहिलंय ते खरं हाय. देवळापासनं धक्क्यापर्यंत चालली. म्हंजे उतार हाय तिथवर. बॅटरी म्हातारी झालीय, दिवे पेटवते, पन सेल्फ फिरवायला तिच्यात जीव न्हाय, तवा वाडीतल्या बायांनी देवळापासनं ढकलली, गाडी दोनदा खोकली आनि अशी धडधडली का काय सांगू. पन धक्क्यावर बंद पडली ती पडली. आता तोंड दर्याकडं करून उभी हाय. मागं चढावर ढकलायला बायांची ताकद पुरत न्हाय, हँडल मारलं तर ते उलटं फिरून मिस्त्रीचा अंगठा वांग्याएवढा झालाय, आनि हॉर्न ऐकल्यापासनं बैल तिकडं फिरकत न्हाईत. पिठोरीच्या उधानाला पानी कुठवर येतं ते मी तुमाला काय सांगू, तुमी दर्याचे राजे. तवा आवसेच्या आत बॅटरी घेऊन या. सहा बुचांची पायजे, तीन बुचांची न्हाय. त्या भंगारवाल्याकडंच लष्करी गाडीची असंल. त्याला गाडी द्यायची न्हाय, त्याच्याकडनं बॅटरी घ्यायची, उलटं करू नका.

ता. क. दुसरा. उतारावर चाकाशी कोन बसलं व्हतं ते तुमी इचारनार. चंदर न्हाय. मिस्त्री बी न्हाय. ह्यांनी मला ओहोटीच्या वाळूत चार सांजा शिकवलं व्हतं, तुमच्यापासनं लपवून. सगळं आठवलं बगा, फक्त ब्रेक कोनता ते धक्का दिसल्यावर आठवलं.

ता. क. तिसरा, आनि हा शिवदासाकडनं वाचून घेऊ नका. येताना सवतासाठी एक नवा तांब्या आना. मिस्त्रीनं जुना कात्रीनं उभा कापला, ठोकून सपाट केला, तेवढी जाड पट्टी मुरुडात बी मिळाली नसती. बूड तेवढं मी तुमच्यासाठी जपून ठेवलंय. म्हंजे बगा, गाडीला जो अर्थ आला तो तुमच्याच तांब्याचा हाय. आता गाडी विकायची तर तांब्यासकट विकावी लागंल. जमतंय का बगा.